हरेश तिकडे अकराच मॅच खेळला

नाक्यावरच्या फ्लेक्सवर छापलंय ते खोटं आहे.

'परदेशात तीस वर्षं फुटबॉल गाजवणारे आपले हरेशभाई.'

अकरा मॅच. हरेश मस्कतला फक्त अकरा मॅच खेळला.

पगार घेऊन फुटबॉल खेळणारा उलव्याकडच्या आमच्या गावातला तो पहिला. आधी मुंबईत एका कंपनीच्या टीममध्ये, मग मस्कतच्या क्लबचं बोलावणं आलं. गावच्या टीममध्ये तो फॉरवर्ड, मी त्याच्या मागे डिफेन्सला.

त्याची आई एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगायची, "माझा पोर बॉल खेलतो, फारेनला."

आणि तिकडे प्रॅक्टिसमध्ये गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण पाय धड वळेना. क्लबने हात वर केले. कुणीतरी ओळखीने एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून चिकटवलं.

हे गावात फक्त मला माहीत. फोनवर रडत होता.

"आयेला नको सांगू. मरंल ती."

मी शब्द दिला.

एकदाच सुट्टीवर आला. नेमकी गावात टूर्नामेंट. पोरं मागे लागली, "भाई, पयली किक तुमी मारा." आई पुढच्या खुर्चीत, नवी साडी नेसून.

सरळ चालताना त्याचं काही कळायचं नाही. पण किक मारायला गुडघा वळायला नको?

"मूड नाय माझा," म्हणाला आणि निघून गेला.

झालं. मस्कतला जाऊन याला शिंगं फुटली, असं जो तो बोलू लागला. आई मान खाली घालून घरी गेली. आणि मी, सगळं माहीत असून, मिठाची गुळणी धरून बसलो.

तो परत कधी आलाच नाही. आई गेली तेव्हाही नाही. लग्नही केलं नाही.

मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "मी मेल्याव खरं सांग सगल्यांना. जीता हाय तवर लाज वाटते रं."

मी त्याला झापलं. मरणाच्या गोष्टी कसल्या करतोस म्हटलं.

काल त्याला तिकडेच अग्नी दिला. गोदामातल्या एकाने मला व्हिडिओ कॉल लावला. मोजून चार माणसं होती.

मी रडत रडत म्हणालो, "बहुत अच्छा प्लेयर था."

तो गोंधळला. "प्लेयर? किस चीज का? हमको तो कभी बोला नहीं."

फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात फिरतंय. इकडे कुणाला गोदामातला हरेश माहीत नाही, तिकडे कुणाला मैदानावरचा. दोन्ही माहीत असलेला मी एकटा. आणि त्याच्या आईसमोरही मी तोंड उघडलं नाही.

हऱ्या, सांगितलं बघ सगळ्यांना.

उशीर झाला. मला माफ कर.

जा आता, निवांत जा.