इवायानं सोडलेला धबधबा

सरकारकडं मागावं ते आमच्या इवायानंच. दुसऱ्या कुनाला तसं मागता यायचं न्हाई, अन सरकारनंबी सबंद बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुनाला इतकं टाळलं नसंल. पांढरी गाडी घाटानं वर चढतानी दिसली की ह्यो मानूस टोपी सारखी करून रस्त्याच्या मधोमध हुबा. गाडीत मंत्री हाय का मंत्र्याचा जावाई, ते बघायचंच न्हाई. एकदा तर लग्नाची गाडी अडवली. नवरदेवाला म्हनला, "सायेब, आमी हितला पर्यटन उद्योग हाव. आमचं मागनं ऐकून घ्या." नवरदेव घामाघूम. नवरीनंच खिडकीतनं तोंड काढून इचारलं, "काय पायजे बाबा तुमाला?" तर म्हनला, "संडास." तिनं गपकन काच वर केली.

इवाई म्हंजे माझ्या लेकीचा सासरा. लेक गावातल्या गावात दिली म्हनून रोजच तोंडं बघावी लागायची. मानूस काडीवानी, आवाज मातर नगाऱ्यावानी. वाडीतल्या दूध सोसायटीचा ह्यो सचिव व्हता, अन दूध मोजता मोजता त्याला ठरावाचा नाद लागला. त्याला बोलायची दुसरी रीतच ठाऊक न्हाई. घरात पिठलं करायचं का वरन, त्याचाबी ठराव. ह्यो सूचक. मंग घरातल्या कुनीतरी "माझं अनुमोदन हाय" म्हनायचं, तव्हा तवा चुलीवर जायचा. कुनीच न्हाई म्हनलं तर ह्यो उपाशी बसंल पर ठरावाबिगर ताटावर बसायचा न्हाई. माझी लेक नवी नवरी म्हनून गेली अन दुसऱ्याच दिवशी पळत माज्याकडं आली. "आये, मामंजी म्हनतेत अनुमोदन दे. ते कुठल्या डब्यात ठिवलं असतं?" म्या तिला काय सांगू! लग्न ठरतानी माज्या पुढंच सुपारी फुटली तव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या अन ह्यो हात वर करून म्हनला, "सर्वानुमते मंजूर." भटजीबी हसाय लागला.

मंग दुष्काळ पडला. एक साल निघालं, दुसरं निघालं. कडबा सरला, जनावरं छावनीला गेली, कैकांची तिकडनंच बाजारला गेली. दूध कशाचं येतंय! सोसायटीला कुलूप पडलं. चावी कमरंला लावून इवाई रिकामा फिरायचा. वाडीच्या वरल्या अंगाला डोंगर हाय, पावसाळ्यात तिथनं धार पडती, खाली महादेवाचं देऊळ. कपिलधारला जानारी मानसं वाट वाकडी करून आमच्याकडंबी यायची, लेकरंबाळं धारंखाली भिजायची. इवाई म्हनला, गाई गेल्या तर जाऊ द्या, आता पाहुनेच आपल्या गाई. सोसायटीतल्याच बाया गोळा केल्या, पुन्हा संस्था केली, अन देवळाम्होरं पिठलं-भाकरीच्या, चहाच्या, नारळाच्या टपऱ्या मांडल्या. एक टपरी माजी, शेजारची माज्या इहिनीची, म्हंजे त्याच्या बायकूची. चार बांबू, वर पोतं, अन ह्यो सांगत सुटला, "आमी उद्योग हाव."

हसू नका. धंदा बरा व्हता. धार आटली तरी सनावाराला, सोमवारला मानसं यायचीच. पर तिथं बाईला जायाला जागा न्हवती. गड्यांचं काय, पाठ फिरवली की झालं. बाया दिसभर चुलीपुढं बसायच्या, अन चहूकडं उघडा दगड. झाड न्हाई, झुडूप न्हाई. म्या कोयत्यावर जल्म काढला. फडात बाईला आडोसा म्हंजे हुबा ऊस, अन त्यो तर आमीच तोडायचो. तव्हा मला सवय हाय. पर माजी इहीन नाजूक. तिनं एकच केलं, सकाळी घर सोडल्यापून दिस बुडंस्तवर पान्याचा थेंब घ्यायचा न्हाई. उन्हाळाभर तिनं तसं काढलं. अन मंग एक दिस चुलीपुढंच आडवी झाली. गाडीत घालून आंबेजोगाईच्या दवाखान्यात नेली. डाक्टरीनबाईनं फोटू काढला, मुतखडे निघाले. ती इहिनीवर तापली, "आजी, पाणी का नाही पीत तुम्ही?" इहीन तसल्या दुखन्यातबी म्हनली, "प्यायचं सोप्पं हाय बाई. जायाचं कुठं?"

इवाई खाटंच्या पायथ्याशी हुबा व्हता. टोपी काढून म्हनला, "मी ठराव मांडतो, की धारेवर बायांसाठी संडास झालाच पायजे." दवाखान्यातल्या बाया टकामका बघाय लागल्या. पलीकडच्या खाटंवरची एक वळखीची ना पाळखीची म्हातारी, नाकात नळी घातलेली, तिनं हात वर केला. "हाय माजं." झालं, अनुमोदन मिळालं. त्या दिसापून ह्यो सरकारच्या मागं लागला.

मागनं काय लई मोठं व्हतं का, तुमीच सांगा. संडास, त्याला पानी, निसरड्या दगडाला धरायला एक गज, अन येळंवर येनारी एक यष्टी. दुसरं मागितलंच न्हाई. पर हापिसात गेलं की सायेब मिटिंगला. मिटिंग सुटली की दौऱ्यावर. दौऱ्यावरनं आले की बदली. नवा सायेब म्हनायचा पहिल्यापून सांगा. इवाई पहिल्यापून सांगायचा, बायकूच्या मुतखड्यासकट. अन सरकारनं दिलं बरं का, दिलं न्हाई असं म्या म्हननार न्हाई. आधी कमान दिली. एवढी मोठी की खालून हत्ती जावा, अन वर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटू. इवाई कमानीखाली जाऊन वर बघत बसला. मला म्हनला, "इहीनबाई, ह्याच्यात आडोसा कुठंय?" म्या म्हनलं, "एकेका खांबामागं एक बाई मावती, पर दोन्ही अंगानं दिसती."

मंग पाटी दिली. पाटीवर धबधबा छापलेला, हिरवं रान, दुधावानी पानी, खाली नाव. नावबी न्हवतं आमचं नि धबधबाबी न्हवता आमचा, कुठल्या मुलखातला आनून चिटकवला देव जाने. लांबून गाड्या करून मानसं यायची अन माज्याशीच भांडायची. "मावशी, फोटोतला धबधबा कुठंय?" म्या भाकरी थापत म्हनायची, "बाबा, ती दुसऱ्याची धार हाय. आमची ती वर वलं दिसतंय ना, ती." मंग त्यांच्या बायका आपापसात कुजबुजायच्या, अन एकजनी यायची माज्याजवळ. काय इचारायची ते सांगायला नको. म्या कमानीकडं बोट दावायची. करनार काय!

त्याच्यावर कळस म्हंजे उरलेल्या जागंत लोखंडाचा बदाम बसवला, लाल रंगाचा, मानसाएवढा. त्याच्यात हुबं राहून फोटू काढायचा म्हने. ज्या खडकावर संडास बांधायचा म्हनून इवायानं चुन्यानं रेघा मारल्या व्हत्या, नेमका तिथंच! त्या दिशी मला इतका संताप आला की हातातलं उलथनं त्या बदामावर हानलं. टनकन वाजलं. सरकारच्या घरात बाया न्हाईत का? त्यांना रस्त्यात लागत न्हाई का? का त्या बदाम बघून घरी जात्यात?

आता त्यो दिस सांगते. ऐन उन्हाळा. विहिरीचा तळ उघडा पडला व्हता, सरकारी टँकर यायचा अन विहिरीत पानी सोडायचा, मंग आमी बाया बादल्या टाकून शेंदायचो. तसल्यात बातमी आली, पर्यटनाचा मोठा सायेब धार बघायला येनार. जागा पसंत पडली तर समदं मंजूर. इवाई दोन दिस जेवला न्हाई, ठरावबी मांडला न्हाई. कोरडा कडा बघून सायेब काय पसंत करनार! त्यानं कुनाला न इचारता, कुनाचं अनुमोदन न घेता, जल्मात पहिल्यांदा ठरावाबिगर एक काम केलं. टँकरच्या डायवरला घाटाच्या रस्त्यानं थेट कड्यावर नेला.

आमी विहिरीवर हंडे मांडून बसलेलो. टँकर आला न्हाई. तेवढ्यात एक पोरगी वरडली, "धार पडाय लागली!" बघतो तर खरंच. भर उन्हात, ढग न्हाई, अन कड्यावरनं पानी! कुनी हात जोडले, कुनी हंडे उचलले. म्या पानी बघितलं अन वर टँकरचं पिवळं तोंड बघितलं, अन समजलं. "बायांनो, आपलं पानी हाय ते! पळा!" मंग जी पळापळ झाली! हंडे, कळशा, घागरी, एकीनं तर पातेलंच धरलं. धारंखाली नुसती रेटारेटी. कमानीजवळ सायेब काळा चष्मा घालून टाळ्या वाजवत व्हता. "व्वा, काय दृश्य!" फोटू काढून झाले, मंग हंडा भरनाऱ्या माज्या सुनंला इचारलं, "पाणी गोड आहे का हो?" ती म्हनली, "गोड हाय सायेब. जरासा डिझेलचा वास येतोय."

सायेब हसला अन गेला. चार रोजात तहशिलीतनं निरोप आला. गावाजवळ भर उन्हाळ्यात वाहता झरा हाय, बाया तिथं पानी भरतानी सायबांनी डोळ्यानं बघितलं, तव्हा टँकर बंद. संडासाचं इचारलं तर म्हनले, बघू.

त्या दिशी देवळाम्होरं बाया जमल्या. इवाई खाली मान घालून मधी बसला. इवायाला अरे-तुरे करता येत न्हाई म्हनून, न्हाईतर म्या काय काय बोलले असते! "अहो इवाई, आमच्या लेकरांच्या तोंडचं पानी तुमी दगडावर वतलं. कावून?" तो म्हनला, "संडासापाई." म्या म्हनलं, "आता प्यायलाच न्हाई, तर संडास कशाला पायजे?" इहीन माज्या शेजारीच बसलेली. ती पदर तोंडाला लावून नुसती नवऱ्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिशी रिकामे हंडे घेऊन आमी तहशिलीत गेलो. पुढं इवाई. आत जाऊन त्यानं उजळ माथ्यानं सांगितलं, "सायेब, ती धार म्या सोडली. टँकरची व्हती." तहशीलदार सायेब उसळला, "ही शासनाची फसवणूक आहे!" तर ह्यो काडी मानूस त्या नगाऱ्याच्या आवाजात म्हनला, "तुमी आमाला पाटीवर दुसऱ्याचा धबधबा दिला. म्या तुमाला आमच्याच पान्याचा दावला. मोठी फसवनूक कुनाची?" हापिसातले शिपाई तोंड फिरवून हसाय लागले. म्या हंडा फरशीवर आपटला. समद्या बायांनी आपटले. सायेब कान झाकून उठला.

टँकर चालू झाला, पर लगेच न्हाई. मधल्या दिवसांत इवायानं सायकलीला सोसायटीचे दुधाचे कॅन बांधले, लांबच्या मळ्यातनं पानी आनून घरोघर वतलं. कुनी तोंडावर शिव्या दिल्या तरी गप. ज्या दारात जास्त शिव्या, तिथं आधी जायचा.

टँकर आल्यावर त्यानं पुन्हा बाया बोलावल्या. हुबा राहिला, टोपी सारखी केली, पर आवाज बसलेला. "मी ठराव मांडतो, की आता सरकारला मागायचं न्हाई. खड्डा मी खांदतो. पत्रे सोसायटीच्या शेडचे काढू. अनुमोदन?" एकीनंबी हात वर केला न्हाई. बायांच्या पोटात राग व्हता, अन त्यो खरा व्हता. त्यो हुबाच. टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी म्या म्हनलं, "माजं हाय. पर पानी आमच्या वाटनीचं घेयाचं न्हाई." तो म्हनला, "माज्या वाटनीचं."

अन तसंच केलं. बदामाच्या मागं कुदळीनं खडक फोडला. फोडता फोडता हाताची सालटं गेली. पत्र्याचा आडोसा झाला, बाहेर पिंप ठिवलं. आपल्या वाटनीचं पानी त्यो रोज कॅनमधून आनून पिंपात वतायचा, अंघोळ सोडली. माजी लेक म्हनायची, "आये, मामंजी दारातनं आले की आधी वास येतो." गाडीवाल्या बाया इचारत यायच्या तव्हा ह्यो लांबूनच वरडायचा, "ताई, बदामाच्या मागं!" अन लाजून पाठ फिरवून बसायचा.

पुढं पावसानं मेहेर केली, पर इवाई ऱ्हायला न्हाई. थंडीत चार दिस ताप आला अन त्यातच त्यो गेला. तिरडी कमानीखालूनच न्यावी लागली, दुसरी वाटच न्हाई ठिवलेली. त्याच्या माघारी हापिसची मानसं आली अन त्याच पत्र्यावर निळ्या रंगानं आपल्या योजनेचं नाव लिवून फोटू काढून गेली. म्या उलथनं घेऊन उठले व्हते. इहिनीनं हात धरला. "ऱ्हाऊ द्या बाई. लिवू द्या. आतलं तर आपलं हाय ना?"

पिंप आता आमी दोघी भरतो. ती कळशी घेती, म्या हंडा. भरून झालं की टपरीत येऊन बसतो. कालचीच गोष्ट, भर दुपारची, गिऱ्हाईक न्हाई. इहिनीनं माठातनं तांब्या भरला, तोंडाला लावला अन घटाघटा, खाली न ठिवता, पार तळापातूर पानी प्याली. पदरानं तोंड पुसलं. मंग रस्त्याच्या मधोमध, जिथं त्यो गाड्या अडवायचा, तिकडं बघत बसली. म्या तांब्या तिच्या हातनं घेतला अन पुन्हा भरून दिला.