माझ्या वाढदिवसाला माळ मिळाली काकीला

मैत्रिणींनो, आज माझा वाढदिवस होता आणि मी सकाळपासून जळतेय. तेही माझ्या धाकट्या जावेवर!

मी रंगीत कागदाचे मणी वळून माळा बनवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बारशाला, वाढदिवसाला त्या पार गंजाड गावापर्यंत जातात. या आठवड्यात माझी सात वर्षांची लेक माझ्याकडून मणी वळायला शिकली आणि लपूनछपून काहीतरी ओवत बसायची. मला वाटलं, माझ्यासाठीच!

आज तिने ती माळ आणली आणि थेट काकीच्या गळ्यात घातली.

जाऊ ओशाळली. "अगं, वाढदिवस तुझ्या आईचा ना?" म्हणत ती माळ काढायला लागली.

"राहू दे गं, छान दिसते तुला," मी हसून म्हटलं. पण जेवताना घास काही गोड लागला नाही.

मी तलासरीला कामावर जाते तेव्हा लेकीची वेणी, डबा, अभ्यास सगळं काकीच बघते. कळतं हो मला.

शेवटी न राहवून लेकीला विचारलं, "मला का नाही दिलीस?"

"तुला येते की बनवता. काकीला कोण देणार?"

पोरगी बोलली ते खरंच आहे. तरी मला तीच माळ हवीय, वाकड्यातिकड्या मण्यांची!

घरातल्याच माणसावर असं जळलात का कधी तुम्ही?