तीन केंद्रकांची अंडी

“फर्टिलायझेशन अ‍ॅबनॉर्मल आहे,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या बाईची फाइल उघडली. आदल्या दिवशी माझी आठ अंडी काढली होती. दोन ठीक निघाली. दोन फळलीच नाहीत. उरलेल्या चारांपुढे लिहिलं होतं, ‘थ्री पीएन’.

त्याचा अर्थ प्रयोगशाळेतल्या बाईंनी माझ्याशेजारी बाकावर बसून सांगितला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. नीट फळलेल्या अंड्यात दोन केंद्रकं दिसतात, एक आईचं आणि एक बापाचं. माझ्या या चारांत दोन-दोन शुक्रजंतू शिरले होते, म्हणून केंद्रकं तीन. अशा अंड्यातून मूल होत नाही.

ठीक असलेली दोन गर्भाशयात सोडली. पुढचे पंधरा दिवस मी मैलापूरच्या घरात शिंकायलाही घाबरत होते. मग ‘बीटा एचसीजी’, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी. निगेटिव्ह. ही तिसरी खेप. माझा नवरा सचिन इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पुढच्या वेळी होईल, म्हणाला आणि कंपनीच्या बसला पळाला.

दीड महिन्यानं हॉस्पिटलातून फोन आला, दोघंही या. वेड्या आशेला काय म्हणावं! मला वाटलं, तपासणी चुकली असेल. मी चांगली साडी नेसून गेले.

डॉक्टर खुर्चीतून उठले, म्हणाले, “काँग्रॅच्युलेशन्स.” तीन वर्षं त्या इमारतीत मी याच शब्दासाठी खेटे घातले होते.

मग कळलं. टाकाऊ चारांपैकी एक त्यांनी बशीत वाढवलं होतं आणि त्यातून ‘स्टेम सेल लाइन’ तयार होत होती. म्हणजे सतत वाढत राहणाऱ्या पेशी, ज्यांच्यापासून शरीरातला कुठलाही भाग घडू शकतो. संशोधनाला फार मोलाच्या. अडचण एकच होती. बाकी सगळ्या कागदांवर माझी सही मराठीत, संशोधनाच्या संमतिपत्रावर मात्र इंग्रजीत. संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीनं हरकत घेतली होती.

अक्षर सचिनचं होतं. गॅस, बँक, विमा, आमच्या घरातले सगळे कागद तोच भरतो आणि माझी सहीही तोच ठोकतो. आजवर कुणी पकडलं नव्हतं, आणि मीही कधी हरकत घेतली नव्हती. मला भूल दिलेली असताना हा कागद त्याच्यापुढे आला होता.

“ते फेकणारच होते गं,” तो खाली बघत म्हणाला. “तुला कशाला आणखी त्रास?”

“ओरे ओरु साइन, मॅडम,” डॉक्टरांनी तमिळमध्ये म्हणत पेन पुढे केलं. फक्त एक सही. नाही केली तर, मी विचारलं. तर नष्ट करावं लागेल, ते म्हणाले.

मी बघायला मागितलं. पडद्यावर एक करडा ठिपका दिसला. ते मूल नव्हतं, होणारही नव्हतं, हे मला पक्कं समजत होतं. तरी आम्हा दोघांचं म्हणून जगात तेवढंच काय ते जिवंत होतं.

या वाटेनं जाणाऱ्या बायांनो, टेबलावर जाण्याआधी प्रत्येक कागद स्वतः वाचा. तुमच्यातलं जे टाकाऊ ठरेल त्याचं काय करणार, ते विचारा. द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, काम चांगलं आहे. मला कुणी आधी विचारलं असतं तर मीही बहुतेक दिलं असतं.

“नष्ट करा,” मी म्हणाले.

सचिन तिथेच रडायला लागला. तिन्ही वेळा निगेटिव्ह आलं तेव्हा तो रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्या दोन शब्दांचं मात्र वाटतं, आणि हे मी त्याला कधीच सांगणार नाही.