पाण्याखाली जाणाऱ्या गावात तीन दिवस

मराठवाडा आपल्या राज्यात आला त्याला तीन वर्षं झाली, तरी पुण्यातून तिकडं हौसेनं कुणी जात नाही. परभणीकडे निघालो म्हटल्यावर शाळेतल्या एका सहकाऱ्यानं "बदली झाली का हो?" असंच विचारलं. मी इतिहास शिकवतो. पूर्णेवर धरण होतंय आणि हेमाडपंती देऊळ असलेलं एक गाव त्यात जाणार, एवढं कानावर आलं आणि नाताळच्या सुट्टीत वळकटी बांधली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. मनमाडला गाडी बदला, पुढे लहान रुळांवरची गाडी रखडत रखडत सेलूला नेते. स्टेशनाबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग आणि नाकातोंडात जिनिंगचा भुगा. पोटभर इथंच जेवून घ्या. दुकानांच्या पाट्यांवर उर्दू अक्षरांशेजारी मराठी नुकतंच रंगवलेलं दिसेल. जिंतूरची एसटी मिळाली तर नशीब. तिथून पुढे बैलगाडीच, आणि त्या वाटेनं माझी कंबर कामातून गेली.

गावात पोचलो तेव्हा निम्म्या घरांवर छपरं नव्हती. लोक दारं, चौकटी, आढी गाड्यांत घालून नव्या जागी नेत होते. एका ओळखीच्या माणसानं अप्पांच्या नावे चिठ्ठी दिली होती. अप्पा म्हणजे साठीचे लिंगायत शेतकरी, गळ्यात चांदीच्या डबीत शिवलिंग. चिठ्ठी न वाचताच म्हणाले, "ऱ्हावा की. घर हाय तवर घर तुमचंच हाय." रात्री ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. चव अजून जिभेवर आहे.

दुसऱ्या दिवशी देऊळ पाहिलं. सकाळी जा, ऊन थेट गाभाऱ्यापर्यंत येतं. बारवेच्या पायऱ्या निसरड्या आहेत, काठी हातात असू द्या. इतकं सुंदर कोरीवकाम बुडणार म्हणून माझा जीव कासावीस झाला, आणि त्या भरात मी शहाणपणा करायला गेलो. देवळामागच्या माळावर मातीचे उंचवटे होते. त्यांतल्या तीन उंचवट्यांवर नारळाएवढे कोरीव दगड पडलेले दिसले. देवळाचे तुकडे कुणीतरी इकडे फेकले, असं मी ठरवून टाकलं. तिन्ही उचलले, बारवेवर धुतले आणि देवळाच्या कोनाड्यात मांडले. इतिहासाची सेवा केली म्हणून स्वतःवर भलताच खूश होतो.

संध्याकाळी जेवताना ही फुशारकी मी अप्पांना सांगितली. त्यांनी घास ताटात परत ठेवला.

"गुरुजी, कमळाचा व्हता का त्यात?"

"होता की! अगदी रेखीव."

"आमच्या मंडळीचा हाय तो."

लिंगायतांत देह जाळत नाहीत, बसवून पुरतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. माळ बघताना मात्र ते डोक्यातही आलं नाही. हिंदूंच्या गावात थडगी कशाला असतील, असाच माझा हिशेब. अप्पांनी हळूहळू सांगितलं. रझाकारांच्या धामधुमीत ते निजामाच्या सरहद्दीपल्याडच्या कॅम्पात होते आणि इकडे पटकीची साथ आली. "एकाच दिसात गावातली तिघं गेली. हिला भावानं पुरलं, वळखू यावं म्हून भावानंच दगड ठिवला. भाऊबी आता न्हाई, मी आपला कमळ बघूनच जागा वळखायचो. तिच्या जागंची वंजळभर माती नव्या गावाला न्यायची हाय, म्हून थांबलोय मी."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माळावर गेलो. अप्पांनी कोनाड्यातून कमळाचा दगड पोटाशी धरून आणला होता. दगडांच्या खालची पिवळी पडलेली जागा तिन्ही उंचवट्यांवर सारखीच उघडी होती.

"कुटला गुरुजी?"

 कुठला दगड कुठून उचलला, काही म्हणजे काही आठवेना. बाकीच्या दोघांची माणसं केव्हाच गाव सोडून गेली होती, विचारायला कुणी नव्हतं. माहीत नाही, एवढं म्हणायला हवं होतं. अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला ते सहन होईना. मी मधल्या उंचवट्याकडे बोट केलं.

"नक्की न्हवं?"

"नक्की."

अप्पा खाली बसले. दगड जागेवर ठेवला, त्यावर डोकं टेकलं. मग दोन्ही हातांनी माती काढून पांढऱ्या फडक्यात बांधली. "बरं झालं तुमी हिता व्हता," म्हणाले. दुपारच्या गाडीनं मी निघालो. वाटेसाठी त्यांनी हुरडा बांधून दिला, तो मला खाववला नाही.

पुण्यात विचारणाऱ्यांना मी देवळाचं वर्णन करून सांगतो. जायचं असेल तर उन्हाळ्याच्या आत जा, पांघरूण न्या, आणि कृपा करून तिथल्या एका खड्यालाही हात लावू नका.

गेल्या आठवड्यात अप्पांच्या मुलानं लिहिलेलं पत्र आलं. नव्या घराच्या परसात ती माती घालून वर बेल लावलाय, त्याला दोन पानं फुटलीत. शेवटी अप्पांनी आपल्या शब्दांत लिहायला लावलंय: "तुमी दावलं म्हून ती आमच्यासंगं आली. एकडाव येऊन भेटून जावा तिला."

उत्तर लिहायला मी तीनदा बसलो. ‘तीर्थरूप अप्पा’ लिहून होतं, पुढचं काही लिहवत नाही.