देवीच्या बोकडाचा प्रसाद

मला मटण आवडायचं, हे आधी सांगते. म्हातारपणी देवभोळी होऊन सोडलं असं कोणी समजू नये. निम्मे दात गेले तरी मी नळी चोखायची.

त्रास पहिल्यांदा झाला तो देवीच्या बोकडाच्या दिवशी. देवीचं ठाणं आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आहे. बोकड तिथंच कापायचा, तिथंच शिजवायचा, तिथंच संपवायचा आणि ज्याचा नवस त्यानं पहिलं ताट घ्यायचं, अशी आमच्या घराची रीत. नवस माझा होता, म्हणून पहिलं ताट माझं. दुपारी जेवलो. दिवेलागणीला माझ्या अंगावर पोटापासून मानेपर्यंत गांधी उठल्या.

जेवून बराच वेळ झाला होता आणि सगळ्यांनी एकाच गंजात शिजलेलं खाल्लं होतं. त्यामुळे जेवणाचा संशय कोणालाच आला नाही. माझी मोठी जाऊ म्हणाली, "देवी कोपली तुह्यावर."

"कोपाले काय झालं तिले? बोकड तं घरचा होता."

"मंग लहान पडला असंन."

म्हणून पुढच्या वर्षी मी मोठा बोकड कबूल केला. वर्षभर घरात दुसरं मटण शिजलं नाही आणि मी देवीसमोरून मान खाली घालून जात होते, काय चुकलं ते आठवत.

मोठ्या बोकडाचं पहिलं ताटही माझंच होतं. त्या संध्याकाळी ओठ सुजले आणि श्वास अडकायला लागला. मुलानं मोटरसायकलवर बसवलं, सुनेनं मागून धरलं आणि मालेगावला दवाखान्यात नेलं. सुई दिल्यावर बोलण्यासारखी झाले. डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची होती.

"आजी, आज काय खाल्लं?"

"काईच नाई. सकाळपासून उपास होता. दुपारी देवीचा प्रसाद घेतला, तेवढाच."

"प्रसाद म्हणजे साखर-खोबरं?"

मी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "बोकड, मॅडम."

मी लपवत नव्हते. देवीच्या बोकडाला आमच्याकडे कोणी मटण म्हणत नाही, तो प्रसादच.

रक्त तपासल्यावर कळलं की चार पायांच्या जनावराचं मटण आता मला सोसत नाही. गोचीड चावल्यानं असं होऊ शकतं आणि खाल्ल्यावर काही तासांनी त्रास सुरू होतो, असं तिनं सांगितलं. आमच्या गोठ्यात गोचिडांना तोटा नाही.

"मंग देवीचा कोप नाई?" मी विचारलं.

"रक्तात तरी दिसला नाही, आजी."

मला हसू आलं. छातीवरचा धोंडा उतरला. मटण गेलं त्याचं वाईट वाटलं, पण कोंबडी चालत होती.

जाऊ मात्र ऐकेना. "नवस तुहा हाय. एक घास तरी खा लागंन."

"तो घास तू खाय, अन् दवाखान्यातही तूच जाय."

मग मी एकटीच धुऱ्यावर गेले आणि देवीला मोठ्यानं सांगितलं, यापुढं बोकड नाही, रोडगे. ती काही बोलली नाही. यंदा कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजले, वांग्याची भाजी केली आणि पहिलं ताट मी पोटभर खाल्लं.

दिवे लागले तशी जाऊ माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या दंडाकडे निरखून पाहू लागली.

"काई उठलं काय व?"

"काईच नाई."

ती जरा हिरमुसली, असं मला वाटलं.