उत्तीर्ण एक

लेकीच्या प्रवेशासाठी विद्यापीठात गेलो होतो. भाषाशास्त्र विभागाबाहेर एक मुलगी आल्यागेल्याला माहिती देत होती. "मागच्या वर्षी वर्गात मी एकटीच होते. सर माझ्या एकटीसाठीसुद्धा फळाभर लिहायचे," ती लेकीला कौतुकाने सांगत होती. बोलताना ती सूचनाफलकाच्या काचेला टेकली होती. तिच्या पाठीआड मागच्या वर्षीच्या पदवीधरांच्या नोकऱ्यांचा तक्ता होता.

"जरा बाजूला होतेस का?" मी म्हणालो. पोरीच्या बापाला हे कळायलाच हवं, असा माझा तोरा.

ती सरकली. तक्त्यात नाव कुणाचंच नव्हतं, नुसते आकडे. वाणिज्यच्या शेकड्यांमध्ये कोण घरी बसलंय, हे कुणाला कळणार? गर्दीवर आकडा पांघरूण घालतो. शेवटच्या ओळीत मात्र लिहिलं होतं: भाषाशास्त्र, उत्तीर्ण एक, नोकरी शून्य.

आकडे लपवू नयेत, हे मला अजूनही पटतं. पण त्या एकाला चेहरा होता आणि तो माझ्याकडेच बघत होता. मी उगाच चष्मा काढून पुसायला लागलो.

"काका, दिसतंय ना नीट?" तिने विचारलं. "नाहीतर मी वाचून दाखवते."