धावपट्टीवर उलटा चालणारा बैल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. देवाला नवस बोलतानाही मी घासाघीस करतो... तेव्हा हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा.

चुडाव्याच्या अलीकडे जुन्या राजवटीत विमानं उतरायला पट्टी केली होती. त्यात आमचं शेत गेलं. मोटेची विहीर बुजवून वर मुरूम दाबला. वडिलांना कुणी साधं विचारलंही नाही - तो राग माझ्या मनात आजही आहे. पोलीस ॲक्शन होऊन ती राजवट गेली, विमानं बंद झाली आणि त्या जागेवर नवी वस्ती बसवायचं ठरलं. शेताच्या बदल्यात मी भांडून एक प्लॉट पदरात पाडून घेतला. पण पाणीच लागेना!

वस्तीचं काम बघणारा सरकारी ओव्हरसियर म्हणाला, "शेटजी, दोन खड्डे कोरडे गेले. तिसराही गेला तर वस्ती पालमच्या रस्त्याला हलवणार. प्लॉट विसरा."

"विसरा? माझ्या बापाची जमीन हाय ही!"

ओरडलो खरा. पण आमची विहीर नेमकी कुठे होती, हे मलाही सांगता येईना. ना बांध, ना झाड... सगळं सपाट.

भर दुपारी माझ्या गाडीवानानं, नामदेवानं, बैल सोडले. त्यातला बांड्या सरळ पट्टीवर गेला. मान वाकवून थोडं पुढे चालला, मग तसाच उलटा मागे आला. थांबला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे...

"मालक, ह्यो तर मोट वढायलाय!" नामदेव ओरडला.

खरंच. भरलेली मोट ओढताना बैल पुढे जातो, रिकामी सोडताना उलटा विहिरीकडे येतो.

"आता बैलाचा सल्ला घेणार?" ओव्हरसियर हसला.

"तुमचा घेऊन दोनदा तोंडावर पडलो की! बैल निदान पगार तरी मागत न्हाई."

बैल मागे येऊन थांबायचा, तिथेच खणायला लावलं. कमरेइतकं खाली आमच्या विहिरीचं घडीव दगडाचं तोंड लागलं. आतली माती उपसत गेलो आणि एका सकाळी खालून हाक आली, "पाणी! लय पाणी!"

मी तडक, ज्यानं मला बांड्या विकला होता त्या शेतकऱ्याकडे गेलो. "ह्यानं मोट कधी वढली?"

"आमची सारी कोरडवाहू, शेटजी. विहीरच न्हाई तर मोट कशाची? आमच्याच गाईचा हाय त्यो."

त्याच्यावरही ओरडलो. तो शपथेवर सांगत राहिला.

बांड्या तसा का चालला, हे मला आजही कळलेलं नाही. पुन्हा तो कधी तसा चालला नाही. वस्ती मात्र तिथेच बसली. ओव्हरसियरनंही तिथेच घर बांधलंय. सकाळी विहिरीवर त्याची बायको माझ्या बायकोशी पाण्याच्या नंबरावरून कडाकडा भांडते... ऐकून बरं वाटतं.